बोट कुणाला लागते?

मराठीतले 'लागणे' हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, सुपारी लागते. आणि समुद्रावर गेले की बोटही लागते. माझी आजी कोकणातली. तरुणपणी मुंबईहून रत्नागिरीला ती आगबोटीने जात असे. ती सांगायची, "अरे, बोट धक्क्याला लागायची तेव्हा लागायची, मला ती भाऊचा धक्का सोडतानाच लागायची!" कनवटीला सुंठेचा तुकडा, हातात लिंबू आणि मुखात रामनाम एवढ्या शिदोरीवर तिने ते प्रवास केले. शेजारी बसलेली तिची जाऊ मात्र खुशाल डबा उघडून दडपे पोहे खात असे. आजीला ह्या गोष्टीचा राग शेवटपर्यंत होता. "तिला का नाही लागत आणि मलाच का?" हा तिचा प्रश्न.

हा प्रश्न एकट्या आजीचा नव्हे. माणसाने पहिली होडी पाण्यात लोटली तेव्हापासून तो चालत आलेला आहे. इंग्रजीत मळमळीला 'नॉशिया' म्हणतात, तो शब्द ग्रीकांच्या 'नाउस' ह्या शब्दापासून आला. आणि 'नाउस' म्हणजे जहाज. म्हणजे ग्रीकांच्या लेखी मळमळ हा मुळातच जहाजाचा रोग! वैद्यकाचा आद्य आचार्य हिपोक्रेटिस ह्यानेही नोंदवून ठेवले आहे की, हालचालीने शरीर बिघडते, ह्याचा पुरावा हवा असेल तर समुद्रप्रवासाकडे पाहावे.

ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या व्याधीने इतिहासात कोणाकोणाला लोळवले हे पाहू गेले की मोठी गंमत वाटते, आणि एका ठिकाणी अंगावर काटाही येतो. रोमचा थोर वक्ता सिसेरो ह्याचे नाव इ. स. पूर्व ४३ मध्ये वधाच्या यादीत चढले. जीव वाचवायचा तर समुद्रमार्गे पळून जाणे भाग होते. गलबत तयार होते. पण कधी वारा उलटा, तर कधी जहाजाचे हेलकावे त्यालाच सोसवेनात, असे होऊन तो परत किनाऱ्यावर आला, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. आपल्या घरी तो परतला, आणि ७ डिसेंबरला मारेकऱ्यांनी त्याला गाठले. केवळ बोट लागली म्हणून सिसेरो मेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मृत्यू मागे उभा असतानाही माणसाला पुढच्या लाटेची अधिक भीती वाटावी, ह्यावरून त्या यातनेची कल्पना यावी.

त्याच्यानंतरच्या शतकातला तत्त्वज्ञ सेनेका ह्याची कथा मात्र हसवणारी आहे. सुखदुःखे समान मानावीत असे आयुष्यभर शिकवणारा हा पुरुष. नेपल्सहून जवळच्याच पुतेओली बंदराला तो होडीने निघाला. निघताना समुद्र शांत होता. अर्ध्या वाटेत लाटा उठल्या आणि पोटात ढवळू लागले. धड ओकारी होईना, धड बरेही वाटेना. खडकाळ किनाऱ्याला होडी लावता येत नाही असे नावाडी सांगत असतानाही ह्याने जबरदस्तीने ती किनाऱ्याजवळ आणवली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली! पुढे एका पत्रात त्याने स्वतःच ही हकिकत लिहिली आहे. युलिसीस इतकी वर्षे समुद्रावर भटकला तो देवांच्या कोपामुळे नव्हे, त्यालाही बोट लागत असली पाहिजे, असा शोधही त्याने त्यात लावला आहे.

आता कोणी म्हणेल, वक्ते आणि तत्त्वज्ञ ही घरबशी माणसे. दर्यावर्दी माणसांना कशाला बोट लागेल? तर आरमारी इतिहासातला अग्रगण्य पुरुष नेल्सनच घ्या. १७७१ साली बारा वर्षांचा असताना तो इंग्रजी आरमारात शिरला. १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत जहाजावरच त्याने देह ठेवला. मधल्या काळात एक हात गेला, एका डोळ्याची दृष्टी गेली, पण बोट लागण्याची खोड काही गेली नाही! जोराचा वारा सुटला की आपण आजारी पडतो, केवळ ह्या पेशावरच्या प्रेमामुळे समुद्रावर टिकून आहोत, अशा अर्थाचे पत्र त्याने १८०४ साली लिहिले आहे. तेहेतीस वर्षांची सवयही ज्याला तारू शकली नाही त्याला भित्रा कोण म्हणेल?

दुसरे उदाहरण चार्ल्स डार्विनचे. २७ डिसेंबर १८३१ रोजी 'बीगल' जहाजाने इंग्लंडचा किनारा सोडला आणि बावीस वर्षांचा हा तरुण लगेच आडवा झाला. झुल्यात पडून राहायचे आणि मनुका चघळायच्या, एवढाच त्याचा कार्यक्रम. मनुकांचा सल्ला त्याच्या वडिलांचा. ते डॉक्टर होते. टेनेरिफ बेट पाहण्याचे त्याचे कितीतरी दिवसांचे स्वप्न होते. बेट समोर दिसले, पण कॉलऱ्याच्या धास्तीने तिथल्या लोकांनी जहाजावरच्या कोणालाही उतरू दिले नाही, आणि ह्या बिचाऱ्याला पुन्हा त्याच लाटांवर पुढे जावे लागले. १८३६ च्या ऑक्टोबरात तो परतला तोपर्यंत ही व्याधी त्याच्या सोबतीला होती. त्या जवळजवळ पाच वर्षांपैकी तीन वर्षांहून अधिक काळ डार्विन जमिनीवरच हिंडत होता. जमीन दिसली की हा माणूस जहाजावरून उतरे आणि डोंगर, दगड, पाखरे पाहत सुटे. पुढे त्याने जगाला जे दिले ते ह्या भटकंतीतले. सगळे श्रेय बोट लागण्याला देणे बरे नव्हे. पण थोडेसे द्यायला हरकत नसावी.

ह्याच्या अगदी उलट प्रकृती आपल्या गांधीजींची. १८८८ साली ते मुंबईहून विलायतेला निघाले तेव्हा त्यांना बोट मुळीच लागली नाही. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतताना ऐन पावसाळा होता. एडनपासून समुद्र खवळलेला. बहुतेक सगळे उतारू अंथरुणाला खिळलेले, आणि हे मात्र डेकवर उभे राहून लाटांची मौज पाहत होते. सकाळच्या न्याहारीला एखाददुसराच सोबती असे. पेज सांडू नये म्हणून बशी मांडीवर धरून खावी लागे. देहाने किरकोळ, स्वभावाने त्या काळी अत्यंत लाजाळू असा हा तरुण उभा, आणि धट्टेकट्टे लोक आडवे! तेव्हा शौर्याचा, धैर्याचा, ताकदीचा आणि बोट लागण्याचा काही संबंध नाही, हे इतिहासानेच सिद्ध केलेले आहे.

मग संबंध आहे तरी कशाचा? एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ शहाण्यांचा तर्क असा की, बिघाड पोटात आहे. जहाज हलते, पोट हलते, म्हणून ते ढवळते. तेव्हा हलणेच थांबवावे! हा विचार ज्याने तडीस नेला तो हेन्री बेसेमर. १८५६ साली पोलाद स्वस्तात तयार करण्याची कृती काढून त्याने अमाप पैसा मिळवला होता. १८६८ साली फ्रान्सहून इंग्लंडला येताना ती एवढीशी खाडी ओलांडताना त्याला बोट लागली, आणि अशी लागली की ह्या रोगाचा नायनाट करण्याचा त्याने विडाच उचलला. त्याने योजना काढली ती अशी: जहाजाच्या पोटात एक भला मोठा दिवाणखाना आसावर टांगायचा, जहाज कितीही कलंडो, दिवाणखाना सरळच राहील. तो सरळ ठेवण्यासाठी पाण्याच्या दाबावर चालणारे यंत्र, आणि यंत्रापाशी एक माणूस. त्या माणसाने गवंड्यांच्या पाणसळीसारख्या पातळीदर्शकाकडे एकटक पाहत राहायचे आणि कळ इकडेतिकडे फिरवायची. घराच्या आवारात नमुना बांधून बेसेमरने तो चालवून पाहिला. कंपनी काढली, भागभांडवल गोळा केले आणि साडेतीनशे फूट लांबीचे जहाज बांधले. दिवाणखाना सत्तर फूट लांब, कोरीव लाकूडकामाने आणि सोनेरी नक्षीने नटलेला.

८ मे १८७५ रोजी पाहुणे घेऊन जहाज डोव्हरहून कॅलेला निघाले. त्या दिवशी तो प्रसिद्ध दिवाणखाना जखडूनच ठेवला होता. कॅलेच्या बंदरात शिरताना जहाजाने सुकाणू ऐकले नाही आणि ते धक्क्यावर जाऊन आदळले. कंपनीचे दिवाळे वाजले. दिवाणखाना काढून जहाजाच्या आराखडाकाराने आपल्या घरी नेला, पुढे त्या जागी झालेल्या बागायती महाविद्यालयाचे ते सभागृह झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून तेही नष्ट झाले. पण समजा, जहाज आदळले नसते आणि यंत्रही नीट चालले असते, तरी बेसेमरला यश आले असते काय? आजचे ज्ञान सांगते, नाही. कारण माणसाला सर्वांत अधिक लागते ते जहाजाचे आडवे कलणे नव्हे, तर सावकाश वरखाली होणे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत असे दिसले की, साधारण पाच सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणारा हेलकावा पोटाला सर्वांत वाईट. त्याहून जलद किंवा त्याहून फार संथ हेलकावा तितका बाधत नाही. टांगलेला दिवाणखाना कलण्यावर उपाय करीत होता. सबंध जहाजच लाटेवर चढले नि उतरले तर दिवाणखाना तरी काय करणार?

बिघाड पोटात नसून कानात आहे, हे कळायला वाट वाकडी करून जावे लागले. आपल्या कानाच्या आतल्या भागात, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. शेजारी चुनखडीचे अतिसूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. डोके वळले की नळ्यांतला द्रव मागे रेंगाळतो. देह वरखाली झाला की ते कण सरकतात. आणि मेंदूला वर्दी जाते. १८२४ साली फ्लूराँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतराच्या ह्या नळ्यांना इजा करून पाहिली, तेव्हा त्याला दिसले की ज्या नळीला इजा व्हावी त्याच दिशेने पाखरू गरगर फिरू लागते. म्हणजे कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय नव्हे, तोल राखण्याचेही आहे.

मग १८८२ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स ह्याने एक चतुराईचा प्रश्न विचारला: ज्यांचा अंतर्कर्णच निकामी आहे त्यांचे काय? त्याने ५१९ मूकबधिरांची चौकशी केली. त्यांपैकी १८६ जणांना कितीही गरगर फिरवले तरी घेरी म्हणून येत नव्हती. अशांना समुद्रही लागत नसावा, असे त्याने अनुमान काढले. ह्या अनुमानाची खरी परीक्षा झाली ती अंतराळयुगात. अमेरिकेतल्या गॅलोडेट ह्या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातल्या अकरा पुरुषांना १९५८ पासून नौदलाच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी निवडले. दहाजणांची श्रवणशक्ती मेंदूज्वराने गेली होती आणि कानातले तोलाचे यंत्रही निकामी झाले होते. ऐन वादळात त्यांना नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यालगत बोटीतून नेले. बोट आकाशपाताळ एक करीत होती आणि हे गृहस्थ पत्ते खेळत बसले होते! शास्त्रज्ञच इतके आजारी पडले की प्रयोग थांबवावा लागला.

ह्याचा अर्थ वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. ज्याला बोट कधीच लागू शकत नाही, त्याच्यापाशी काही अधिक नसते. उलट काहीतरी हरवलेले असते. ज्याला लागते त्याचे कान शाबूत आहेत.

पण कान शाबूत असून ओकारी का यावी? बोटीच्या खोलीत आपण बसतो तेव्हा डोळे सांगतात, 'भिंती जागच्या जागी आहेत, सर्व स्थिर आहे.' कान सांगतो, 'छे, आपण वर चाललो आहोत, आता खाली!' दोन साक्षीदार परस्परविरुद्ध साक्ष देतात आणि न्यायाधीश, म्हणजे मेंदू, गोंधळतो. ठीक, गोंधळला तर चक्कर यावी, पोटावर राग का? ह्यावर ट्रेसमन ह्या शास्त्रज्ञाने १९७७ साली एक कल्पना मांडली. जुन्या काळी, होड्या नव्हत्या, गाड्या नव्हत्या, तेव्हा डोळे आणि कान ह्यांची साक्ष जुळेनाशी होण्याचे मोठे कारण एकच: पोटात गेलेले विष. धोतऱ्यासारखे काही खाल्ले की जग फिरू लागते. अशा वेळी जो ओकला तो वाचला. तेव्हा लाटेवर बसलेल्या माणसाला मेंदू विष खाल्लेला समजतो आणि त्याच्या भल्यासाठीच त्याला ओकायला लावतो! ही कल्पना सर्वांना मान्य आहे असे नाही. पण आजीला ती ऐकवता आली असती तर तिचा जावेवरचा राग थोडा निवला असता, असे मला वाटते.

आता कोणाला जास्त लागते? दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बहुधा लागत नाही. पुढे शाळेच्या वयात जोर सर्वाधिक असतो आणि वय वाढेल तसा तो उतरतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक, गरोदरपणी आणखी. ज्यांना अर्धशिशीचा त्रास असतो त्यांना हमखास. काही घराण्यांतच ती खोड असते. आणि एकदा लागली की पुढच्या खेपेला नुसत्या डिझेलच्या वासानेही उमासे येऊ लागतात, हे एसटीतून जाणाऱ्यांना सांगायला नको.

मासेमारीला आणि पाण्यात बुडी मारायला जाणाऱ्यांना तर ही व्याधी दुप्पट गाठते. चालती बोट लाटा कापीत जाते. पण गळ टाकण्यासाठी किंवा पाणबुडे उतरवण्यासाठी इंजिन बंद केले, नांगर टाकला, की ती लाटांवर नुसती डुलत राहते. त्यात खाली मान घालून गळाला आमिष लावायचे, जाळ्याची गाठ सोडवायची किंवा पाठीवरच्या नळकांड्याचे पट्टे आवळायचे. म्हणजे क्षितिज नजरेआड! मालवण-तारकर्लीला हौसेने बुडी मारायला गेलेली कितीतरी मंडळी पाण्यात उतरण्याआधीच हिरवीपिवळी होतात ती ह्यामुळे. खाली खोल पाण्यात लाटेचा जोर कमी होतो आणि पुष्कळांना बरे वाटते. मात्र तिथे एक नवेच संकट असते. गार पाणी एका कानात आधी शिरले आणि दुसऱ्यात नंतर, तर भोवळ येते. ह्याचे मर्म व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी ह्या डॉक्टरला पाण्यात नव्हे, दवाखान्यात कळले. रोग्यांचे कान पिचकारीने धुताना पाणी फार गार असले तर त्यांना घेरी येई. फार गरम असले तर उलट्या दिशेची घेरी येई. अंतर्कर्णातला द्रव तापतो किंवा निवतो आणि वाहू लागतो, म्हणून असे होते हे त्याने ओळखले. त्या कामाबद्दल १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, आणि ती वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचली तेव्हा तो रशियनांचा युद्धकैदी होता.

उपायांची कथा थोडक्यात सांगतो. १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका बाईला अंगावर गांधी उठतात म्हणून नवे औषध देण्यात आले. बाईंनी येऊन सांगितले की, ट्राममध्ये बसले की मला नेहमी मळमळते, ते ह्या गोळीने थांबले! डॉक्टर गे आणि कारलायनर ह्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या 'जनरल बॅलू' ह्या लष्करी जहाजावरच्या सैनिकांना त्यांनी ती देऊन पाहिली आणि 'ड्रॅमामाइन' जगाला मिळाले. ह्या गोळ्यांनी झोप येते; म्हणून बुडी मारणाऱ्याने वैद्याला विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. आजीच्या सुंठेलाही पुढे मान मिळाला. १९८८ साली डेन्मार्कच्या ऐंशी नौदल छात्रांवर खवळत्या समुद्रात आल्याच्या चूर्णाचा प्रयोग झाला आणि ज्यांना ते दिले त्यांच्या वांत्या कमी झाल्या.

सर्वांत मोठा उपाय मात्र सवय. दोनतीन दिवसांत बहुतेकांचा मेंदू लाटांचा हिशेब शिकतो. आमच्या शाळेत कोळीवाड्यातला एक मुलगा होता. सुट्टीत बापाबरोबर मासेमारीला गेला की पार आडवा होई. घरीदारी चेष्टा चाले. त्याचे वडील एकदा मला म्हणाले, "मास्तर, कोळ्याच्या पोटचा पोर नि दर्यात ओकतो! ह्याच्यात दमच नाय." मी त्यांना नेल्सनची हकिकत सांगितली आणि विचारले, "तांडेल, तुम्ही स्वतः सुकाणू धरलेत तर तुम्हांला कधी लागते का?" ते हसले. "हातात सुकाणू असल्यावर कशी लागेल?" तेच तर खरे. जो गाडी हाकतो त्याला ती लागत नाही. कारण पुढचा हेलकावा त्याला आधीच ठाऊक असतो. पुढच्या खेपेपासून त्यांनी पोराला जाळ्यावर न बसवता सुकाणूपाशी उभे केले, नजर क्षितिजावर ठेवायला सांगितली. तो आता चांगला बाप्या झाला आहे, स्वतःची बोट आहे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून हंगाम सुरू झाला की पहिले दोन दिवस तो अजूनही ओकतो. आता कोणी हसत नाही. खलाशी पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि कामाला लागतात.

१९६१ च्या ऑगस्टात गेरमान तितोव हा रशियन वीर पृथ्वीभोवती फिरत असताना त्यालाही मळमळले; अंतराळात बोट लागलेला तो पहिला माणूस. समुद्रावर निघालेल्या पहिल्या माणसाला जे झाले असेल तेच आकाशात निघालेल्यालाही झाले. तेव्हा ह्या दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन रेवसला, मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाल तेव्हा पोटभर फराळ करून होडीत चढू नका, उपाशीही चढू नका. पोरांना बोटीच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत बसवा, दूरच्या किनाऱ्याकडे पाहायला सांगा. आणि एवढे करूनही एखादे लेकरू ओकलेच, तर त्याला 'भित्रा' म्हणू नका. पाठीवरून हात फिरवा, चूळ भरायला पाणी द्या, आणि बरे वाटले की त्याला नेल्सनची गोष्ट सांगा.